वाघसिंहांची ढाल आणि मांडवातली डहाळी

लगीनसराईत जालना–अंबड रस्त्यावर किंवा भोकरदनच्या बाजूला तासभर थांबले तरी एक चित्र पुन्हा पुन्हा नजरेसमोरून जाते. गाडीच्या मागच्या काचेवर ढाल. ढालीच्या दोन बाजूंना मागच्या पायांवर उभे राहिलेले सिंह. वर मुकुट, मध्ये फुलीसारख्या ठेवलेल्या तलवारी आणि खाली फडफडत्या फितीवर आडनाव. हेच चित्र लग्नपत्रिकेच्या माथ्यावर असते, नव्या बंगल्याच्या फाटकावर असते, तरुण मुलांच्या मोबाइलवर असते. आणि आज अनेकदा त्याच घराच्या कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला, एक दुसरा कागद असतो: वंशावळ. वडील, आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा अशी नावे एकाखाली एक उतरवलेली; सोबत जुन्या शाळेच्या प्रवेश-निर्गम उताऱ्याची नक्कल, एखादा खासरा पाहणीचा उतारा. ढाल काय किंवा वंशावळ काय, दोन्ही एकाच प्रश्नाचे उत्तर देऊ पाहतात: आपण कोणाचे? माझे म्हणणे असे, की यातले ढालीचे उत्तर उसने आहे आणि तोकडेही आहे. कुळाची ओळख सांगणाऱ्या ज्या खुणा याच मातीत होत्या, त्या या ढालीपेक्षा अधिक खऱ्या आणि अधिक मोठ्या मनाच्या होत्या. त्या नजरेआड होत चालल्या आहेत, याची खंत वाटते म्हणून हे लिहितो आहे.

आधी ढालीकडे पाहू. युरोपात बाराव्या शतकाच्या सुमारास, डोक्यापासून पायापर्यंत लोखंडात झाकलेल्या सरदाराची ओळख पटावी म्हणून ढालीवर चित्र काढण्याची रीत रुजली. पुढे त्या चित्रांचे कायदे झाले, नोंदवह्या झाल्या. इंग्लंडमध्ये या नोंदी ठेवणारी ‘कॉलेज ऑफ आर्म्स’ ही संस्था १४८४ मध्ये स्थापन झाली आणि आजही काम करते. तिचा एक मूलभूत नियम आपल्याकडे फारसा कोणाला माहीत नसतो: असे चिन्ह आडनावाला मिळत नाही. ते एका माणसाला दिले जाते आणि त्याच्या थेट वंशजांकडे उतरते. तेच आडनाव लावणाऱ्या दुसऱ्या कुटुंबाचा त्यावर काडीचा हक्क नसतो. स्कॉटलंडमध्ये तर टोळीच्या प्रमुखाचे चिन्ह प्रमुखाचेच राहते. बाकीच्यांनी त्यातले फक्त वरचे शिरोचिन्ह पट्ट्याच्या आणि बकलाच्या गोलात, म्हणजे ‘आम्ही त्यांची माणसे’ असे सांगत वापरायचे असते. थोडक्यात, ‘अमुक आडनावाचे कुलचिन्ह’ ही कल्पना ज्या परंपरेतून आपण उचलली, त्या परंपरेलाच ती मान्य नाही.

ही मांडणी हिंदुस्थानात सरकारी इतमामाने आली ती १ जानेवारी १८७७ रोजी. त्या दिवशी दिल्लीत मोठा दरबार भरवून व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आले. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी त्या निमित्ताने संस्थानिकांना रेशमी निशाणे दिली आणि प्रत्येकावर त्या त्या घराण्याचे ‘कुलचिन्ह’ काढलेले होते. ती चिन्हे बेतली होती रॉबर्ट टेलर नावाच्या बंगालमधल्या एका मुलकी अधिकाऱ्याने. युरोपीय कुलचिन्हांचा त्याला छंद होता. घराण्याच्या उगमाची आख्यायिका, आराध्यदैवत, इतिहासातला एखादा प्रसंग, मुलखातला डोंगर किंवा नदी असे काही ना काही घेऊन त्याने ते युरोपच्या ढालीत बसवले. निशाणे इतकी जड होती की एकट्याने उचलणे कठीण. त्या दरबारात हैदराबादचे निजाम मीर महबूब अली खान होते, तेव्हा अवघे दहा वर्षांचे. जालना त्या काळी त्यांच्याच राज्यात. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड होते, वय तेरा. हेच सयाजीराव दोन वर्षांपूर्वीपर्यंत नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातले गोपाळ होते. २७ मे १८७५ रोजी दत्तकविधान झाले आणि ते गादीवर आले. शेतात वाढलेल्या त्या मुलासमोर एका इंग्रज कारकुनी डोक्यातून निघालेली ढाल आणून उभी केली गेली, आणि तीच पुढे ‘परंपरा’ ठरली. सयाजीरावांचे मोठेपण त्या ढालीने घडले नाही. ते सक्तीच्या मोफत शिक्षणाने घडले, ग्रंथालयांनी घडले.

तुलनेला शिवाजी महाराजांची राजमुद्रा घ्या. तिच्यावर प्राणी नाही, शस्त्र नाही, मुकुट नाही. अष्टकोनात फक्त अक्षरे आहेत: प्रतिपदेच्या चंद्राची उपमा, वडिलांचे नाव, स्वतःचे नाव आणि ही मुद्रा लोकांच्या भल्यासाठी आहे हा निर्वाळा. ज्यांच्या नावाने आज सर्वाधिक ढाली छापल्या जातात, त्यांनी स्वतःच्या मुद्रेत भोसले हे आडनावसुद्धा घातले नाही. बापाचे नाव सांगितले आणि काम सांगितले, तेवढ्यावर थांबले. यातून आपण काही घ्यायचे असेल तर ते हे आहे असे मला वाटते.

यावर जाणकार म्हणतील की चिन्हे इंग्रजांच्या कितीतरी आधी आपल्याकडे होती. होती, नक्कीच होती. बदामीच्या चालुक्यांचा वराह प्रसिद्ध आहे, कदंबांचा वानरध्वज प्रसिद्ध आहे. देवगिरीचे यादव स्वतःला सुवर्णगरुडध्वज म्हणवीत आणि सिंदखेडराजाचे जाधव आपला वंश त्याच यादवांपर्यंत नेतात. सिंदखेडराजा आज बुलढाणा जिल्ह्यात असला तरी जालन्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे आणि १२ जानेवारीला जिजाऊंच्या जन्मदिनी जालन्याची माणसे तिकडे लोटतात, त्यामुळे ती कथा इथल्या घराघरांत आहे. पण गरुडाचा माग काढत गेले की एक गोष्ट लक्षात येते. कोकण-कोल्हापूरचे शिलाहारही सुवर्णगरुडध्वज, आणि त्यांच्याही आधीच्या राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांवरही गरुडच. यादवांचा गरुड विष्णूचे वाहन म्हणून आला, कारण त्यांनी आपला वंश कृष्णाच्या यदुकुळाशी जोडला. शिलाहारांचा गरुड मात्र वेगळ्याच गोष्टीतून आला: नागाचा जीव वाचवण्यासाठी स्वतःला गरुडापुढे टाकणाऱ्या जीमूतवाहन विद्याधराचे ते स्वतःला वंशज मानत. पक्षी एक, गोष्टी दोन, आणि घराणी एकमेकांशी लढलेली. यादव सिंघणाने तर शिलाहारांचे कोल्हापूरचे राज्यच संपवले. म्हणजे चिन्ह सारखे म्हणून रक्त सारखे, हे आपल्याच इतिहासात खरे ठरत नाही. आडनावाचेही तसेच आहे. जाधव, पवार, चव्हाण ही आडनावे जालना जिल्ह्यात मराठ्यांत आहेत, धनगरांत आहेत, बौद्धांत आहेत, मंठा-परतूरकडच्या बंजारा तांड्यांत आहेत. ‘जाधवांचे कुलचिन्ह’ असा कागद छापणाऱ्याने यातल्या कोणत्या जाधवांना मोजले आणि कोणाला वगळले?

आता ज्या खुणेसाठी हा लेखनप्रपंच, तिच्याकडे येतो. ती खूण म्हणजे देवक. लग्नाच्या आधी मांडवात देवक बसवतात, हे मराठवाड्यात कोणाला सांगायला नको. मोऱ्यांचे मोरपीस, कदमांचा कळंब, साळुंख्यांचे साळुंकीचे पीस, शिंद्यांची समुद्रवेल, पवारांची तलवारीची धार, कोणाचा उंबर, कोणाची पाचपालवी. गावोगावी या याद्यांत फरक पडतो आणि तो पडणारच, कारण या याद्या कोणा दरबाराने मंजूर केलेल्या नाहीत. नवरदेवाकडचे जोडपे, उपरण्या-पदराची गाठ बांधून, वाजतगाजत मारुतीच्या देवळाकडे जाते, डहाळी आणते, ती मुहूर्तमेढीपाशी कुऱ्हाडीसोबत बांधतात, पूजा करतात. देवक एकदा बसले की कार्य पार पडेपर्यंत घराला सोयर-सुतक बाधत नाही. ज्या झाडाचे देवक ते झाड त्या कुळाने तोडायचे नाही, त्याचे लाकूड चुलीत घालायचे नाही; ज्या पाखराचे देवक त्याला मारायचे नाही. आणि सर्वांत मोठा नियम असा की ज्यांचे देवक एक ते भाऊबंद, त्यांच्यात सोयरीक होत नाही. मुलगी बघायला गेलेली माणसे पूर्वी आडनावाआधी देवक विचारत. आडनाव वेगळे पण देवक एक निघाले तर चहा पिऊन परत येत.

या खुणेचा स्वभाव पाहण्यासारखा आहे. ढालीवर सिंह काढणारा म्हणतो, सिंह माझा आहे. देवकाच्या बाबतीत बोलणे उलट दिशेने जाते: कळंब कदमांचा नसतो, कदम कळंबाचे असतात. झाड कोणाच्या मालकीचे होत नाही, त्याने घातलेले निर्बंध मात्र घराला पाळावे लागतात. ढाल काचेवर लावली की तिचे काम संपते. तिच्यामुळे त्या घराला काहीही करावे लागत नाही किंवा काहीही टाळावे लागत नाही. देवक वर्षातले तीनशेचौसष्ट दिवस दिसतही नाही, पण कोणत्या झाडावर कुऱ्हाड चालवायची नाही आणि कोणत्या घरातल्या मुलीला बहीण म्हणायचे, हे ते सांगत राहते. मला ही खूण मोठी वाटते ती यासाठी.

आणि देवक एका जातीपुरते नाही. आर. ई. एन्थोवेन यांनी मुंबई इलाख्यातल्या जाती-जमातींवर तीन खंड लिहिले, १९२० ते १९२२ या काळात. त्यांत मराठे, कुणबी, कोळी, महार अशा किती तरी जातींच्या कुळांची देवके नोंदली आहेत, आणि तीच तीच झाडे, तीच तीच पाखरे जातींच्या भिंती ओलांडून पुन्हा पुन्हा भेटतात. पाटलाच्या मांडवातला उंबर आणि महारवाड्यातल्या मांडवातला उंबर एकच. याचा अर्थ दोघांचा मूळपुरुष एक होता, असे मी म्हणत नाही. तसे सिद्ध करता येत नाही. जुने मानववंशशास्त्रज्ञ देवकाला आदिम टोळीचिन्हाचा अवशेष मानत, तेही पूर्ण सिद्ध झालेले नाही. पण माणसे गावकुसाच्या आत-बाहेर विभागलेली असताना, पाणवठे वेगळे असताना, ‘आपण कोणाचे’ या प्रश्नाला ती एकाच भाषेत उत्तर देत होती, एवढे तर यातून दिसतेच.

याच्या जोडीला एक दुसरी खूण ठेवतो, ती कागदावरची. शिवकाळात आणि पेशवाईत वतनाचा तंटा उभा राहिला की गोतसभा बसे. ‘गोत’ हा शब्द ऐकला की आज आपल्याला रक्ताचे नातेवाईकच आठवतात, पण या गोतात पाटील असे, कुळकर्णी असे, शेटे-महाजन असत, आणि बलुतेदारही असत. सुतार, कुंभार, न्हावी, परीट, महार, मांग, सगळे मिळून गावचे गोत. निवाडा झाला की त्याचा महजर लिहिला जाई आणि ज्यांना अक्षरे येत नसत ते खाली आपली निशाणी करीत. पाटलाची निशाणी नांगर. शेट्याची तागडी. न्हाव्याचा आरसा, परटाची मोगरी, सुताराचे हत्यार. त्या कागदाच्या तळाशी ओळीने काढलेली ही बोटभर चित्रे पाहिली की मन भरून येते. खरे कुलचिन्ह असेल तर ते हे. त्यात कोणी सिंह झालेला नाही. ज्या कामाने घर चालते आणि गावाला उपयोग होतो, त्या कामाचे हत्यार प्रत्येकाने नावाच्या जागी ठेवले आहे. या निशाण्यांतही मानपानाची ईर्षा होतीच. पाटलांच्या भावकीत कोणाचा नांगर आधी आणि कोणाचा नंतर यावरून तंटे झाले, पाटिलकी विकताना त्याची कलमे लिहिली गेली. उच्चनीचही त्या सभेत होतेच. तरी नांगर आणि आरसा एकाच कागदावर, एकाच निवाड्याला बांधलेले होते. काचेवरच्या ढालीशेजारी दुसऱ्या कोणाची निशाणी बसायला जागाच नसते.

आता पूर्वजांचा हिशेब. जिजाऊंचे वडील लखुजी जाधवराव यांचा देवगिरीच्या किल्ल्यात, निजामशाही दरबारात, १६२९ च्या जुलैत खून झाला. तेव्हापासून आजपर्यंत, पंचवीस वर्षांची पिढी धरली, तर सुमारे सोळा पिढ्या झाल्या. आई-वडील दोन, आजी-आजोबा चार, पणज्या-पणजोबा आठ, असे दुप्पट करत गेले की सोळाव्या पिढीत पूर्वजांच्या जागा होतात ६५,५३६. वंशावळीचा कागद या ६५,५३६ जागांपैकी एका जागेचे नाव सांगतो. बाकीच्या ६५,५३५ जागांवर कोण होते? त्यातल्या निम्म्या तर बायका. शिवाय सोयरिकी त्याच त्या घरांत फिरत असल्याने प्रत्येक जागेवर वेगळा माणूस असणे शक्य नव्हते. म्हणजे तीच माणसे अनेक वाटांनी अनेकांचे पूर्वज झालेली आहेत. खुद्द शिवाजी महाराज आईकडून जाधव होते आणि हे महाराष्ट्र कधी विसरला नाही. जिजाऊंना माहेरचे नाव लावून आठवणारा समाज स्वतःच्या वंशावळीत मात्र आजीच्या माहेरचे गाव लिहीत नाही, हे मला फार खटकते. आपल्याच श्राद्धविधीत तर्पण करताना वडिलांकडच्या तीन पिढ्या आणि आईच्या वडिलांकडच्या तीन पिढ्या, दोन्हींना नावे घेऊन पाणी सोडतात. जुन्या रिवाजाला मातामह आठवला. आपण त्याला ढालीवर जागा दिली नाही.

इथे एक आक्षेप वजनदार आहे. लग्ने जातीतच झाली, तेव्हा हे पूर्वजांचे जाळे जातीच्या आतच फिरले असणार; जातींपलीकडचे समान पूर्वज ही गोड कल्पना आहे, असे कोणी म्हणेल. गेल्या पंधरा-वीस शतकांपुरते ते बरेच खरेही आहे. पण त्याच्या मागे गेले तर चित्र बदलते. हैदराबादच्या ‘सीसीएमबी’ या जीवशास्त्र संशोधन संस्थेतल्या आणि अमेरिकेतल्या हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी मिळून केलेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, भारतातल्या ७३ समाजगटांच्या जनुकांचा त्यात विचार होता. त्याचा निष्कर्ष असा, की साधारण १,९०० ते ४,२०० वर्षांपूर्वीच्या काळात या देशात फार मोठी सरमिसळ झाली. तिच्यातून जवळजवळ कोणताही समाज सुटला नाही आणि भिंती त्यानंतर घट्ट झाल्या. हा काळ जालन्याला परका नाही. आजचे भोकरदन म्हणजे जुने भोगवर्धन, व्यापारी वाटेवरचे नगर. इथल्या दात्यांची नावे सांची आणि भारहूतच्या स्तूपांवर कोरलेली आहेत, इसवी सनाच्या आधीची. मध्य प्रदेशातल्या त्या दगडांवर या माणसांनी आपण भोगवर्धनचे एवढे सांगितले आणि दान दिले. ज्या काळात भिंती अजून पुऱ्या उभ्या राहिल्या नव्हत्या, त्या काळातली जालना जिल्ह्याची ही अगदी जुनी नावे आहेत, आणि ती गावाच्या नावाने ओळख सांगतात. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनीही एकाच धंद्याच्या, एकाच नावाच्या जाती एका मुळातून फुटल्या असे सरसकट मानता येत नाही, हे मोजमापे घेऊन दाखवले होते. जातीचे नाव एक म्हणून वंश एक नाही आणि जातीचे नाव वेगळे म्हणून वंश वेगळा नाही, हे दोन्ही बाजूंनी पटत जाते.

कपाटातल्या दुसऱ्या कागदाविषयी बोलल्याशिवाय जालन्यात हा विषय पुरा होत नाही. अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत १ सप्टेंबर २०२३ रोजी मराठा आरक्षणासाठी चाललेल्या उपोषणाच्या ठिकाणी लाठीमार झाला आणि त्यानंतर साऱ्या मराठवाड्यात जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली; निजामकाळातली उर्दू, फारसी आणि मोडीतली दप्तरे उघडली; मोडी वाचणाऱ्या माणसांना एकाएकी मागणी आली. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटिअरचा आधार घेऊन कुणबी प्रमाणपत्रासाठी गावपातळीवर चौकशीची पद्धत ठरवली, आणि त्यात ‘कुळ’ आणि नातेसंबंध हे शब्द सरकारी कागदावर आले. आरक्षणाच्या वादात कोणाची बाजू बरोबर, हा या लेखाचा विषय नाही. तो न्यायालयात आणि विधिमंडळात चालू आहे, आणि ओबीसी समाजाच्या चिंतेलाही तिथे तेवढीच जागा असली पाहिजे. मला एवढेच दाखवायचे आहे, की लाखो घरांनी जेव्हा खरोखर पूर्वजांचा शोध घेतला, कागद हातात घेऊन घेतला, तेव्हा त्यांना तिथे भेटला तो शेत कसणारा माणूस. ‘कुणबी’ हा शब्दच संस्कृतातल्या ‘कुटुंबिन्’वरून आला: कुटुंब असलेला, घर चालवणारा. आपल्या जमिनीच्या दप्तरात पणजोबांच्या नावापुढे हा शब्द सापडणे यात कमीपणा कसला? मला तर मुकुटापेक्षा तो शब्द जास्त भारदस्त वाटतो. दुष्काळात, निजामाच्या सारावसुलीत, ज्याने घर मोडू दिले नाही त्या माणसाचे ते अचूक वर्णन आहे.

तरीही सर्वांत मोठा आक्षेप अजून उरतो, आणि त्याला टाळून चालणार नाही. मोसंबीच्या बागा वाळताना पाहिलेल्या, नोकरी न मिळालेल्या, सोयरीक न जुळणाऱ्या तरुणाच्या हातात अभिमानाची जी एक गोष्ट आहे, ती तुम्ही का काढून घेता? तलवारींची ढाल त्याला ताठ उभे राहायला मदत करते, तर करू द्या. हा प्रश्न मनापासून विचारलेला असतो आणि त्यामागचे दुःख खरे आहे. चिन्हांनी दबलेल्या माणसाला कणा दिल्याची उदाहरणेही आहेत. वैदिक मंत्रांनी विधी करण्याच्या हक्कावरून झालेल्या वेदोक्त प्रकरणात कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी क्षत्रियत्वाचा हक्क लढवला तो अपमानाच्या विरोधातच लढवला. पण महाराष्ट्रात हा कणा देण्याचा आणखी एक रस्ता त्याच्याही आधी दाखवला गेला होता. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली, त्याच वर्षी सत्यशोधक समाज काढला. क्षत्रिय हा शब्द त्यांनी क्षेत्राशी, म्हणजे शेताशी जोडला. बळीराजाच्या राज्यातले सगळे, कुणबी, माळी, महार, मांग, त्यांनी एका वंशाचे सांगितले. खंडोबा, जोतिबा हे त्या बळीचे अधिकारी मानले. भाषाशास्त्राच्या कसोटीवर त्यांच्या सगळ्या व्युत्पत्ती टिकतील असे नाही. पण त्या मांडणीत मान मिळवण्यासाठी कोणाला तरी खाली ढकलावे लागत नव्हते. पूर्वज जितके अधिक लोकांशी वाटून घ्यावेत तितका मान वाढत होता. आजच्या ढालीतून मिळणारा अभिमान दुसऱ्या प्रकारचा आहे: शहाण्णव कुळांच्या यादीत कोण बसतो आणि कोण नाही यावर तो उभा असतो, आणि त्या याद्याही एकमेकींशी जुळत नाहीत. तरुणाला ताठ उभे करायचे असेल तर त्याला त्याच्या गावाच्या महजरातला नांगर दाखवा, पणजोबांच्या नावापुढचा शब्द दाखवा. तो अभिमान त्याच्याकडून कोणी वाद घालून काढून घेऊ शकणार नाही.

देवकाचा गौरव करताना त्याची दुसरी बाजू झाकणेही बरोबर नाही. देवक बापाकडूनच येते. मुलगी लग्न होऊन गेली की तिच्या सासरचे देवक तिचे होते. आणि देवक पाहून भागत नाही, आधी जात पाहिली जाते, हेही खरे. ज्या समाजाने उंबर वाटून घेतला त्याच समाजाने उंबराखाली एकत्र जेवणे मात्र नाकारले. म्हणून देवक आहे तसे डोक्यावर घ्या असे मी म्हणत नाही. पण परंपरेतले काय पुढे न्यायचे हे निवडायचेच असेल, आणि ते आपण रोज निवडतोच, तर सिंहाऐवजी डहाळी निवडावी. वंशावळीत मुलींची नावे लिहावीत, सुनांची माहेरची गावे लिहावीत. लग्नपत्रिकेवर दोन्ही घरांची देवके शेजारी शेजारी छापावीत; दोन देवके वेगळी आहेत म्हणून तर हे लग्न होते आहे.

घराण्याची वस्तू गावाची कशी होते, याचे एक उदाहरण याच जिल्ह्यात आहे. घनसावंगी तालुक्यातल्या जांबला सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी १६०८ मध्ये नारायणाचा, म्हणजे समर्थ रामदासांचा जन्म झाला. समर्थांनी लग्न केले नाही, त्यांचा वंश नाही. त्यांच्या घराण्याने पुजलेल्या देवांच्या मूर्ती तिथल्या मंदिरात आहेत. २०२२ च्या ऑगस्टमध्ये त्या चोरीला गेल्या आणि ऑक्टोबरात सापडल्या. त्या दोन महिन्यांत जांबकऱ्यांनी आपल्याच घरातून काही गेल्यासारखी तळमळ केली. ठोसर हे आडनाव लावणाऱ्यांपुरती ती चोरी राहिली नाही.

कार्य उरकले की देवक उठवतात. अक्षता टाकून, नमस्कार करून डहाळी सोडवतात. ती तोवर कोमेजलेली असते, पाने खाली झुकलेली असतात. कोणी ती चौकटीत बसवून भिंतीवर लावत नाही, पेटीत जपून ठेवत नाही. पाण्यात सोडतात किंवा झाडाच्या बुडाशी ठेवतात. घरातल्या पुढच्या लग्नाला मागचे देवक चालत नाही. पुन्हा दोघांनी गाठ बांधून जायचे, पुन्हा ओली डहाळी आणायची. त्यासाठी शिवारात तो कळंब, तो उंबर उभा असावा लागतो.